घर बांधताना ठेकेदाराशी करार: या चुका टाळा

दोन-तीन गुंठ्यांच्या जागेवर स्वतःचे घर बांधणारा मालक नकाशा मंजूर होईपर्यंत काटेकोर असतो. ठेकेदाराशी बोलणी सुरू झाली, की मात्र ‘चौरस फुटाला इतके’ या एका आकड्यावर व्यवहार ठरतो आणि करार म्हणून मुद्रांकावर अर्धे पान टंकून घेतले जाते. पुढचे बहुतेक तंटे त्या अर्ध्या पानात न लिहिलेल्या गोष्टींवरून होतात.

पहिला प्रश्न असा, की चौरस फूट नेमका कशाचा? जिना, सज्जा, पाण्याची टाकी, कुंपणभिंत आणि जोत्यातील भराव दरात धरले आहेत की नाहीत, हे नावानिशी लिहावे. मजुरीचा दर स्वतंत्र असेल, तर मापाची पद्धतही लिहावी. 12 फूट लांब आणि 10 फूट उंच भिंतीत 3 बाय 7 फुटांचा दरवाजा आहे असे धरू. दोन्ही बाजूंचा गिलावा ठेकेदार 240 चौरस फूट लावतो आणि मालक दोन्हीकडून दरवाजा वजा करून 198 म्हणतो. आयएस 1200 या भारतीय मानकानुसार अर्ध्या ते तीन चौरस मीटरच्या उघाडीची (दार-खिडकीच्या मोकळ्या जागेची) वजावट एकाच बाजूने होते, म्हणजे माप 219 येते. ‘मोजमाप आयएस 1200 प्रमाणे’ हे चार शब्द करारात असते, तर वाद उद्भवलाच नसता.

याहून गंभीर चूक मालकाच्या वागण्यात असते. कागदावर ‘ठेका’ लिहिल्याने समोरचा माणूस स्वतंत्र ठेकेदार ठरत नाही; काम काय करायचे याबरोबरच ते कसे करायचे हे सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे न्यायालय पाहते. धरांगधरा केमिकल वर्क्सच्या खटल्यात 1956 साली सर्वोच्च न्यायालयाने याच कसोटीवर, स्वतःचे मदतनीस आणणाऱ्या मिठागरातील माणसांनाही कामगारच ठरवले होते. कामावर इंजिनिअर नेमून गजांचे अंतर किंवा काँक्रीटचा दर्जा तपासणे, ही मालकाची रास्त देखरेख झाली. पण बिगाऱ्यांना सकाळी किती वाजता यायचे ते सांगणे, कोणाला काढायचे ते ठरवणे आणि बाजाराच्या दिवशी त्यांच्या हातात थेट हजेरीचे पैसे ठेवणे, हे नियोक्त्याचे वागणे आहे. ठेकेदाराच्या कामगारांची भरपाई मुख्य मालकावर टाकणारा 1923 च्या कामगार भरपाई कायद्यातला नियम त्याच्या ‘व्यापार वा धंद्याच्या’ कामापुरता होता, त्यामुळे राहण्यासाठी घर बांधणारा गृहस्थ सहसा त्यातून सुटतो. मजूर स्वतःच कामाला ठेवले असतील, तर ही सुटका मिळत नाही. म्हणून मजुरी, साधने आणि सुरक्षेची जबाबदारी ठेकेदाराची असल्याचे लिहावे, त्याप्रमाणे वागावे आणि पाया खणण्याआधी त्याच्या नावच्या कामगार भरपाई विम्याची प्रत मागून घ्यावी.

कराचे थोडक्यात. एकट्या स्वतंत्र घराच्या नव्या बांधकामाची निव्वळ मजुरी जीएसटीतून मुक्त आहे, तर मालासह ठेक्यावर नोंदणीकृत ठेकेदार 18 टक्के लावतो. त्यामुळे दर करासह की कराविना, हे आधीच विचारावे. एका आर्थिक वर्षात एका ठेकेदाराला 50 लाखांहून अधिक रक्कम देणाऱ्या गृहस्थाला करकपात (टीडीएस) करावी लागते, आणि तिचा दर 1 ऑक्टोबर 2024 पासून 5 वरून 2 टक्क्यांवर आला आहे. मुद्रांक शुल्क कमी भरलेला करार शुल्क व दंड भरल्याशिवाय पुराव्यात घेतला जात नाही, आणि नोटरीच्या शिक्क्याने ही उणीव भरून निघत नाही.

पैशाच्या बाबतीत ‘उचल’ घात करते. सेंटरिंगच्या सामानासाठी, गावी जाण्यासाठी, सणासाठी अशी दिलेली रक्कम झालेल्या कामाच्या पुढे गेली, की ठेकेदाराला दुसरी साइट अधिक जवळची वाटू लागते. हप्ते तारखेला न बांधता जोता, स्लॅब, वीटकाम, गिलावा अशा पूर्ण झालेल्या टप्प्यांना बांधावेत. शेवटचे 5 टक्के एक पूर्ण पावसाळा उलटेपर्यंत रोखावेत, कारण गच्चीची गळती मे महिन्यात दिसत नाही. विलंबासाठी दिवसाला भरमसाट दंड लिहून मालकाला हायसे वाटते खरे. परंतु भारतीय करार कायद्याच्या कलम 74 नुसार लिहिलेला आकडा ही केवळ कमाल मर्यादा असते आणि मिळते ती त्याच्या आतली वाजवी भरपाई.

काम अर्धवट सोडून ठेकेदार गेलाच, तर रागाच्या भरात दुसऱ्या दिवशी नवा ठेकेदार आणू नये. आधी लेखी नोटीस देऊन संयुक्त मोजमापाला बोलवावे. तो आला नाही, तर स्वतंत्र इंजिनिअरकडून मापे, तारखेसह छायाचित्रे आणि शिल्लक मालाची यादी करून घ्यावी, कारण नवा गिलावा चढला की जुन्या भेगांचा पुरावा त्याखाली गाडला जातो. अशा घरगुती ठेक्याची तक्रार महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाकडे, चालत नाही, कारण त्यामागचा कायदा विक्रीसाठी बांधणाऱ्या प्रवर्तकांसाठी आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘सेवे’त गृहबांधणी येते, म्हणून दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करावी, आणि तीही तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.