फ्लॅटमधील पिल्लाला शी-शूची जागा शिकवताना

कुत्र्याचे दोन महिन्यांचे पिल्लू घरी आणल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो तो शी-शूचा. फ्लॅटमध्ये तो अधिक अवघड होतो, कारण पार्व्होसारख्या आजारांच्या लसी पूर्ण होईपर्यंत, जिथे भटकी कुत्री वावरतात अशा ठिकाणी त्याला खाली उतरवणे धोक्याचे असते. तोवर बाल्कनीचा किंवा न्हाणीघराचा एक कोपरा ठरवून तिथे वर्तमानपत्रे अंथरावीत आणि ती जागा बदलू नये.

या वयात पिल्लू जागेपणी साधारण दोन तासांहून अधिक काळ लघवी रोखू शकत नाही. त्यामुळे झोपेतून उठल्याबरोबर, खाणे झाल्यावर थोड्याच वेळात आणि खेळ थांबताच त्याला तिथे न्यावे. एरवीही ते जमीन हुंगत गोल गोल फिरू लागले की हातातले काम टाकून त्याला उचलावे. शी-शू होताच, तिथल्या तिथे, शाबासकी आणि खाऊचा तुकडा द्यावा, कारण नंतर दिलेले बक्षीस कशाबद्दल आहे हे त्याला उमगत नाही. कागद बदलताना जुन्याचा ओला तुकडा नव्या कागदाखाली सरकवल्यास वासावरून त्याला जागा ओळखता येते.

गालिच्यावर शू झालीच, तर त्याचे नाक त्यात घासणे हा निव्वळ अडाणीपणा आहे. त्यातून पिल्लू फक्त लपून शू करायला शिकते. डाग एन्झाइमयुक्त क्लीनरने पुसावा आणि अमोनिया असलेले द्रव टाळावेत, कारण त्यांचा वास मूत्राशी मिळताजुळता असतो. झोपण्यापूर्वी एक फेरी आणि मध्यरात्रीचा एक गजर, एवढे सुरुवातीचे काही आठवडे सोसावेच लागते.