कायटोसानच्या आवरणाने लायपोसोम स्थिरावले
सोया लेसिथिन आणि कोलेस्टेरॉलपासून बनवलेले आमचे ऋणभारित लायपोसोम, म्हणजे औषध वाहून नेणाऱ्या मेदाच्या सूक्ष्म पिशव्या, फ्रिजमध्येही एकमेकांना चिकटत, बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ साचे आणि आतले औषध बाहेर झिरपे. उपाय म्हणून मी कायटोसान (ऋणभारित कणांना चिकटणारे धनभारित नैसर्गिक पॉलिमर) सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळवून पीएच ५ च्या आसपास राखला, कारण साधारण ६.५ च्या वर त्याच्या अमिनो गटांवरील धनभार ओसरतो. खरी मेख मिसळण्याच्या क्रमात आहे: कायटोसान लायपोसोममध्ये ओतले, तर सुरुवातीला ते अपुरे पडून दोन कणांना जोडते आणि गुठळ्या होतात, म्हणून ढवळत्या कायटोसानमध्येच लायपोसोम थेंबथेंब सोडले. झीटा विभव, म्हणजे कणांच्या पृष्ठभागावरील विद्युतभाराचे माप, ऋणाचे ठळक धन झाले आणि द्रव एकजीव राहिला. शिरेतून द्यायच्या औषधासाठी मात्र मी पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरचेच आवरण निवडेन. १९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या डॉक्सिल या लायपोसोममधल्या कर्करोगाच्या औषधामध्ये तेच आवरण आहे.