घरच्या डीव्हीडीला मराठी सबटायटल लावताना

गिरगावच्या आमच्या आजीला आता कमी ऐकू येतं. तिच्या पंच्याहत्तरीची डिस्क लावली की सारखं, "काय म्हणाला गं मामा?" म्हणून मी सबटायटल घालायला बसले.

डीव्हीडीवरची सबटायटल ही अक्षरं नसतात, छोटी चित्रं असतात. त्यामुळे प्लेअरमध्ये मराठी फॉन्ट नसला तरी चालतं. पण चित्र तयार होतानाच जोडाक्षर फुटलं, तर ते डिस्कवर कायमचं तसंच राहतं. माझ्या पहिल्या डिस्कवर 'लक्ष्मी'ची 'लक्‌ष्‌मी' झाली होती! म्हणून आधी दोन मिनिटांचा तुकडा रीरायटेबल डिस्कवर घालून टीव्हीवरच बघा.

मजकूर एसआरटी फाइलमध्ये, म्हणजे ओळी आणि त्यांच्या वेळा असलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहा आणि यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरं नीट साठवणारी पद्धत) निवडून सेव्ह करा. डीव्हीडी बनवणारा प्रोग्राम त्यातूनच ती चित्रं तयार करतो. वेळेचे आकडे मात्र इंग्रजीच ठेवा, सेकंदांनंतर स्वल्पविराम. एका वेळी दोनच ओळी. बोलणाऱ्याचं नाव आधी लिहा, 'मामा:' असं. आजीला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

अमेरिकी पद्धतीच्या क्लोज्ड कॅप्शनच्या (व्हिडिओत दडवलेला, टीव्हीने दाखवायचा मजकूर) वाटेला जाऊ नका, त्यात देवनागरी नाही. आणि ती एसआरटी फाइल जपून ठेवा. पुढे व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतलात, तर दोन्ही फाइलींना एकच नाव द्या, व्हीएलसी हा व्हिडिओ बघायचा प्रोग्राम सबटायटल आपोआप उचलतो.