शाळा मूल्यांकनाची मानके आणि मुख्याध्यापकांनी वाटून द्यायचे नेतृत्व

शाळा गुणवत्ता मूल्यांकन व आश्वासन आराखड्यानुसार महाराष्ट्रातील शाळांना 128 मानकांवर स्वयंमूल्यांकन करावे लागते आणि प्रत्येक मानकासाठी चारपैकी एक स्तर ठरवून पुरावे जोडावे लागतात. कोकणातल्या पुष्कळ शाळांत हे काम मुदत संपत आली की मुख्याध्यापक, मोबाइलला रेंज मिळावी म्हणून सड्यावर, म्हणजे उंचावरच्या खडकाळ माळावर जाऊन, एकट्यानेच उरकतात. त्यात माहिती भरली जाते, पण शाळा मात्र तशीच राहते.

जूनमधल्या पहिल्या शिक्षक सभेतच मानके मोठ्याने वाचावीत आणि जे काम जो रोज करतो त्याच्याकडे त्या कामाचे मानक सोपवावे. सोपवताना केवळ फाइल देऊ नये, निर्णयही द्यावा. पोषण आहाराची चव नोंदवही हे याचे उत्तम उदाहरण आहे. मुलांना जेवण वाढण्यापूर्वी ते चाखून पाहायचे असते. परंतु अनेक ठिकाणी महिन्याच्या सगळ्या रकान्यांत एकाच शाईने, एकाच बैठकीत ‘चव चांगली’ असे लिहिलेले आढळते. हे काम एका शिक्षिकेकडे आणि पाळीपाळीने येणाऱ्या पालकांकडे द्यावे, आणि डाळ कच्ची असेल तर मुख्याध्यापकांची वाट न पाहता वाढप थांबवण्याची मुभा त्यांना असावी. मग ‘आज आमटी खारट, पुन्हा केली’ अशी नोंद होऊ लागते, आणि माझ्या मते तीच सर्वांत भक्कम पुरावा ठरते.

द्विशिक्षकी शाळेत वाटून द्यायला माणसे कुठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. तिथे शाळा व्यवस्थापन समितीचा आधार घ्यावा. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार या समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात, तरीही सभेचे इतिवृत्त घरोघर फिरवून सह्या घेण्याची रीत काही सुटत नाही. पावसाळ्यापूर्वी कौले परतणे, टाकी धुणे, मे महिन्यात विहीर आटल्यावरची पाण्याची सोय, ही कामे वाडीतल्या सदस्यांना आपल्यापेक्षा चांगली कळतात.

आर्थिक व्यवहार आणि मुलांच्या सुरक्षिततेविषयीच्या तक्रारी मात्र मुख्याध्यापकांनी स्वतःकडेच ठेवाव्यात.

स्तर ठरवताना हात आखडता असावा. पडताळणीला आलेली व्यक्ती मुलांशीही बोलते, आणि ‘हात धुवायला साबण असतो का?’ या प्रश्नाला चौथीतला मुलगा खरे तेच सांगून मोकळा होतो. जे मानक खालच्या स्तरावर राहील ते शाळा विकास आराखड्यात घालावे. त्यासाठीची पालकसभा गणपतीच्या सुट्टीत ठेवता आली तर पाहावी, कारण आजीआजोबांकडे राहून शिकणाऱ्या मुलांचे मुंबईकर आईवडील तेव्हाच गावी सापडतात.