ऋतूंचा धडा सावलीवरून कसा शिकवावा

नववीच्या कुठल्याही वर्गात जाऊन विचारा, ‘उन्हाळा का येतो?’ पहिलं उत्तर हमखास येतं: पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून. ते लगेच खोडू नका. मोठ्या कागदावर तारखेसह लिहून भिंतीला लावा. फळ्यावर नको, फळा पुसला जातो.

या गैरसमजाला आपली नेहमीची आकृतीही हातभार लावते. मध्ये सूर्य, भोवती चार पृथ्व्या आणि कक्षा अशी तिरकी काढलेली की ती मुलांना अंड्यासारखी लांबुळकी दिसते. पृथ्वीची कक्षा प्रमाणात काढली तर डोळ्यांना ती वर्तुळच वाटेल. म्हणून मी हा धडा उलट्या क्रमाने घेते. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात काठी रोवायची, सावल्या मोजत राहायचं आणि आकृती अगदी शेवटी काढायची. सावलीत काय बदलतंय हे मुलांनी पाहिलेलं असलं की ‘आस कललेली आहे’ हे वाक्य त्यांना उत्तर म्हणून भेटतं. एरवी ती पाठ करायची आणखी एक ओळ असते.

जागा अशी निवडा की निदान दहा ते दोन ऊन अडणार नाही. झाडाची फांदी आज लांब वाटते, पण डिसेंबरात सूर्य खाली आला की तिचीच सावली नेमकी आडवी येते (आपण दक्षिण गोलार्धात असू तर जूनमध्ये). जमीन सपाट हवी. ताटलीत पाणी घालून तपासलं तरी चालतं. काठी एक मीटरची घ्या, हिशेब सोपा जातो. ती ओळंब्याने दोन बाजूंनी तपासून उभी करा. नुसत्या नजरेवर जाऊ नका, कारण काठी एक अंश कलली तर उत्तरही जवळपास अंशभर चुकतं आणि अक्षवृत्ताचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर.

दुसरी अडचण पहिल्याच दिवशी कळते. सावलीचं टोक धारदार नसतं. सूर्याचं बिंब आकाशात साधारण अर्धा अंश रुंद आहे, त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचं टोक जवळजवळ सेंटीमीटरभर पुसट असतं. ‘इथे’, ‘नाही, इथे’ असे वाद सुरू होतात. यावर उपाय म्हणजे काठीच्या टोकाला पुठ्ठ्याचा तुकडा लावायचा आणि त्याला छोटं भोक पाडायचं. सावलीत प्रकाशाचा एक ठिपका पडतो, त्याच्या मध्यावर खूण करायची. उंची मग जमिनीपासून भोकापर्यंत मोजायची, काठीच्या टोकापर्यंत नाही. आणि हो, सूर्याकडे कुणीही बघायचं नाही, भोकातूनही नाही. हे रोज सांगावं लागतं.

आता उत्तर-दक्षिण रेषा. होकायंत्र आणू नका. ते चुंबकीय उत्तर दाखवतं आणि आपल्याला खरी उत्तर हवी आहे. काठीच्या पायाशी केंद्र धरून जमिनीवर एक वर्तुळ काढा. सकाळी सावली लांब असते, ती आखडत आखडत ठिपका वर्तुळावर येतो तिथे खूण करा. दुपारनंतर सावली पुन्हा लांबते आणि ठिपका वर्तुळ ओलांडून बाहेर जातो, तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. काठीच्या पायातून तिच्यावर लंब टाकला की उत्तर-दक्षिण. सर्वांत आखूड सावलीची वाट बघत बसण्यापेक्षा ही रीत कितीतरी चांगली, कारण मध्यान्हाच्या आसपास सावलीची लांबी जवळपास बदलतच नाही.

ही रेषा पक्क्या रंगाने आखून घ्या. पुढे वर्षभर काम दोन मिनिटांचं राहतं. ठिपका रेषेवर आला की स्थानिक मध्यान्ह झाली, लांबी मोजायची, घड्याळातली वेळ लिहायची आणि वर्गात परत यायचं. आठवड्यातून एकदा पुरे. ढगाळ आठवड्याची जागा कोरी सोडा. अंदाजाने आकडा भरू देऊ नका.

घड्याळात त्या वेळी बरोबर बारा वाजलेले नसतात. हा प्रश्न मुलांनीच विचारावा म्हणून मी गप्प बसते आणि कुणीतरी विचारतंच. तिथे रेखावृत्त आणि प्रमाणवेळ हा दुसरा धडा आयता हाती लागतो: एका अंशाला चार मिनिटं, पंधरा अंशांना तास. हुशार मुलं पुढे जाऊन म्हणतील, ‘बाई, पण ही वेळही दर आठवड्याला बदलते.’ बदलते खरी. सरासरीच्या मानाने सूर्य नोव्हेंबरच्या सुरुवातीला साधारण 16 मिनिटं पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला 14 मिनिटं मागे. पृथ्वीचा कक्षेतला वेग सारखा नसतो आणि आस कललेली असते, या दोन्हींचा हा परिणाम. इतकं सांगून थांबा, सगळ्या वर्गाला यात ओढू नका.

लांबीवरून कोन काढायला दहावीला टॅन्जंट वापरता येतो. नववीला आलेखकागदावर काठी आणि सावली प्रमाणात काढून कोनमापक लावायला सांगा. सूर्य माथ्यापासून किती अंश ढळला आहे ते मिळतं. विषुवदिनाला, म्हणजे 21 मार्चच्या आणि 22-23 सप्टेंबरच्या सुमाराला, हा कोनच आपलं अक्षवृत्त असतो. सावली 36 सेंटीमीटर आली तर आपण 20 अंशांवर, 84 आली तर 40 अंशांवर. नकाशात न बघता शाळा पृथ्वीवर कुठे आहे ते काढलं, याचा मुलांना फार अभिमान वाटतो. वाटू द्यावा.

मीटरभर काठीची मध्यान्हाची सावली 40 अंश उत्तरेला 22 डिसेंबरला सुमारे 2 मीटर पडते आणि 21 जूनला 30 सेंटीमीटर. 20 अंश उत्तरेला डिसेंबरात ती 95 सेंटीमीटर असते. जूनमध्ये जेमतेम 6 आणि तीही दक्षिणेला! कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या प्रदेशात सूर्य वर्षातून दोनदा माथा ओलांडतो, बाहेरच्यांच्या माथ्यावर तो कधीच येत नाही. आपल्या अक्षवृत्ताचे असे आकडे शिक्षकाने आधी काढून ठेवावेत, मुलांना मात्र दाखवू नयेत.

वर्षभराचा आलेख झाला की त्यांना एकच प्रश्न द्या: सूर्य माथ्याजवळ असला की ऊन का तापतं? इथे टॉर्च आणि आलेखकागद काढा. टॉर्च सरळ वरून धरून उजेडात किती चौकोन येतात ते मोजा. मग अंतर तेवढंच ठेवून तो कागदापासून 30 अंशांवर तिरका धरा. साधारण दुप्पट चौकोन भरतात. प्रकाश तेवढाच, जागा दुप्पट. 40 अंशांवर जून आणि डिसेंबरच्या मध्यान्हात फरक याहूनही थोडा जास्त पडतो. शिवाय तिथे जूनमधला दिवस 15 तासांचा आणि डिसेंबरातला सव्वानऊ तासांचा. तापायला वेळही जास्त मिळतो.

आता भिंतीवरच्या कागदाकडे वळा. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती 3 जानेवारीच्या आसपास, 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. सर्वांत लांब असते ती जुलैच्या सुरुवातीला, 15 कोटी 21 लाखांवर. त्याच जानेवारीत सिडनीत उन्हाळा असतो आणि लंडनला थंडी. दोन्ही शहरं एकाच पृथ्वीवर आहेत, सूर्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर. बहुतेक वर्गांत यानंतर शांतता पसरते. मग एखादी मुलगी विचारते, ‘म्हणजे दक्षिण गोलार्धाचा उन्हाळा जास्त कडक असायला हवा ना?’ प्रश्न चोख आहे, टाळू नका. जानेवारीत सूर्याची ऊर्जा जुलैपेक्षा सुमारे सात टक्के जास्त मिळते. पण दक्षिण गोलार्धाचा चार-पंचमांश भाग पाण्याने व्यापलेला आहे आणि पाणी सावकाश तापतं.

पृथ्वीगोल शेवटी घ्या. मध्ये दिवा ठेवून गोल भोवती फिरवताना मुलं नकळत मनगट वळवतात आणि आस सतत दिव्याकडेच झुकलेली राहते. अशाने वर्षभर उन्हाळा! वर्गाचा छताजवळचा एक कोपरा ध्रुवतारा म्हणून ठरवा. गोल कुठेही असो, आसेचं वरचं टोक त्या कोपऱ्याच्या दिशेनेच राहील. ही एक अट पाळली की चारही स्थिती मुलं स्वतः ओळखतात आणि पुस्तकातली आकृती उघडायची वेळ होते.

जमल्यास आपल्या उत्तरेला किंवा दक्षिणेला चारपाचशे किलोमीटरवरची, साधारण त्याच रेखावृत्तावरची एक शाळा जोडीला घ्या. एकाच दिवशी दोघांनी आपापल्या मध्यान्हाला कोन मोजायचा. दोघांत 500 किलोमीटर अंतर आणि 4.5 अंशांचा फरक आला तर पूर्ण 360 अंशांना 40,000 किलोमीटर, हा पृथ्वीचा परीघ. ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या सायीन, म्हणजे आजचं अस्वान, आणि अलेक्झांड्रिया या शहरांवरून हेच केलं होतं. त्याचा कोन 7.2 अंश होता, वर्तुळाचा पन्नासावा भाग.

परीक्षेत ‘ऋतू कसे होतात ते सांगा’ असं विचारू नका, पाठ केलेलंच उतरेल. मी विचारते: एका ठिकाणी 21 जूनला मध्यान्हाची सावली दक्षिणेला पडली, तर ते ठिकाण कुठे असेल? ‘दक्षिण गोलार्धात’ लिहिणाऱ्याला अर्धे गुण, कारण 20 अंश उत्तरेलाही तसंच होतं. ‘कर्कवृत्ताच्या दक्षिणेला’ याला पूर्ण. आणि जोडप्रश्न: 22 डिसेंबरलाही सावली दक्षिणेलाच पडली तर? ज्याने वर्षभर मोजणी केली आहे तो आकृती न काढता मकरवृत्त लिहितो आणि पुढे ‘त्याच्याही खाली’ अशी भर घालतो.