नोकरशाही समजून घेऊन सरकारी काम कसे करून घ्यावे : सोलापूर जिल्ह्यातील नागरिकांसाठी

सरकारी कार्यालयात काम अडले की आपले लक्ष बहुधा माणसांकडे जाते. अमुक कारकून चांगला, तमुक साहेब तापट, अशी चर्चा सुरू होते. स्वभावाचा परिणाम होतो हे खरे. परंतु नोकरशाही ही पदे, नियम आणि लेखी नोंदी यांवर उभी असलेली व्यवस्था आहे, आणि ज्याला आपले म्हणणे या तिन्हींच्या चौकटीत मांडता येते त्याचे काम ओळखपाळख नसतानाही पुढे सरकते, असे माझे ठाम मत आहे.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर (1864–1920) यांनी नोकरशाहीची जी लक्षणे सांगितली, ती लोकप्रशासनाचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो : ठरवून दिलेले कार्यक्षेत्र, वरिष्ठ-कनिष्ठांची उतरंड, लेखी कागदपत्रांवर चालणारा कारभार, प्रशिक्षित व पूर्णवेळ अधिकारी आणि सर्वांना सारखे लागू होणारे नियम. परीक्षेपुरती पाठ केलेली ही यादी प्रत्यक्षात अर्जदाराच्या फार उपयोगाची आहे. कार्यक्षेत्र कळले की अर्ज कोठे द्यायचा ते कळते, उतरंड कळली की अपील कोठे करायचे ते कळते आणि लेखी कारभाराचे महत्त्व पटले की तोंडी आश्वासनावर विसंबण्याची सवय सुटते.

या व्यवस्थेचे मोल पाहायचे असेल तर आषाढी वारीच्या काळात आपल्या जिल्ह्याकडे पाहावे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीजवळ जिल्ह्यात येते, तुकोबांची सराटीहून अकलूजकडे येते, आणि तेव्हापासून पंढरपुरातील पौर्णिमेपर्यंत महसूल, पोलीस, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, पंढरपूरची नगरपालिका, एसटी महामंडळ आणि जलसंपदा विभाग यांना लाखो वारकऱ्यांसाठी पाणी, शौचालये, रुग्णसेवा आणि वाहतूक यांची सोय एकाच वेळी करावी लागते. जिल्हाधिकारी बदलतात, पोलीस अधीक्षक बदलतात. तरीही गेल्या वर्षी कोणती जबाबदारी कोणाकडे होती हे संचिकेत (फाईलमध्ये) लिहिलेले असल्यामुळे नवा अधिकारी कोऱ्या पाटीवर सुरुवात करत नाही. लोकप्रतिनिधींनी ठरवलेले धोरण गावापर्यंत पोचवणे आणि सत्ता बदलली तरी कारभारात खंड पडू न देणे, ही नोकरशाहीची भूमिका येथे डोळ्यांना दिसते.

आधी अधिकार कोणाचा, हे शोधावे

माझ्या मते निम्मे हेलपाटे चुकीच्या दारावर उभे राहिल्यामुळे होतात. जिल्ह्यातील 11 तालुक्यांत शेजारी शेजारी दोन वेगळ्या उतरंडी काम करतात. जमिनीच्या नोंदींसाठी तलाठी (ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे), त्यांच्यावर मंडळ अधिकारी, मग तहसीलदार, उपविभागीय अधिकारी म्हणजे आपले प्रांत, जिल्हाधिकारी आणि शेवटी पुण्याचे विभागीय आयुक्त, अशी एक उतरंड आहे. घरपट्टी, जन्म-मृत्यूची नोंद, गावातील पाणीपुरवठा अशा कामांसाठी ग्रामपंचायत, पंचायत समितीचे गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, ही दुसरी. गावात तलाठी आणि ग्रामसेवक एकाच इमारतीत बसत असले तरी एकाच्या कामाची तक्रार दुसऱ्याच्या वरिष्ठांकडे करून काहीही साधत नाही.

शहरात घोटाळा वेगळा होतो. 1964 साली स्थापन झालेल्या सोलापूर महानगरपालिकेच्या कर आकारणी विभागात घराला नाव लागले म्हणजे मालकीची नोंद झाली, असे पुष्कळ जण समजतात. कर आकारणीची नोंद ही कर कोणाकडून वसूल करायचा यासाठी असते. मिळकत पत्रिकेवरील (प्रॉपर्टी कार्डावरील) नाव मात्र भूमी अभिलेख खात्याचे नगर भूमापन कार्यालय लावते, आणि ते महापालिकेच्या आयुक्तांच्या हाताखाली नाही. वडिलांच्या पश्चात घर नावावर करायचे असेल तर दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज द्यावे लागतात. एकीकडची नोंद दुसरीकडे आपोआप जात नाही.

अधिकार म्हणजे काय, हे वारस नोंदीच्या उदाहरणावरून नीट समजते. समजा, दक्षिण सोलापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याचे निधन झाले. वारसांनी मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्यांकडे किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज द्यावा. त्यावरून वारसांची नोंद गाव नमुना 6-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, होते आणि नंतर गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घेतली जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस निघते व हरकतीसाठी मुदत मिळते. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सातबारा बदलतो. तलाठ्यांना नोंद लिहिता येते, प्रमाणित करता येत नाही. म्हणून त्यांच्यापुढे आठवडेच्या आठवडे विनवणी करण्यापेक्षा फेरफार क्रमांक मागून घ्यावा आणि नोटीस कोणत्या तारखेला बजावली ते विचारावे. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते, सुनावणी होते आणि निर्णय लेखी दिला जातो. तो मान्य नसेल तर 60 दिवसांच्या आत प्रांतांकडे अपील करता येते. ही मुदत हातची गेली की विलंब माफीसाठी वेगळे कारण सिद्ध करत बसावे लागते, आणि त्यात चांगली प्रकरणेही रखडतात.

अर्ज असा लिहावा की त्यावर टिप्पणी लिहिता येईल

अर्ज कार्यालयात आला की टपालात त्याला आवक क्रमांक मिळतो, तो संबंधित कार्यासनाकडे, म्हणजे त्या विषयाच्या टेबलाकडे, जातो, कारकून कार्यविवरण नोंदवहीत त्याची नोंद घेतो आणि टिप्पणी, म्हणजे प्रकरणाचा सारांश व त्यावरचा प्रस्ताव, लिहून संचिका वर पाठवतो. वरचा अधिकारी प्रामुख्याने ती टिप्पणी वाचतो. म्हणून एका अर्जात एकच विषय आणि एकच मागणी असावी, घटनांच्या तारखा क्रमाने याव्यात आणि जोडलेल्या प्रत्येक कागदाचा उल्लेख अर्जाच्या शेवटी असावा. ज्या अर्जात तीन तक्रारी, दोन मागण्या आणि घरातील भांडणाचा इतिहास एकत्र येतो, त्यावर काय प्रस्ताव मांडावा हे प्रामाणिक कारकुनालाही सुचत नाही.

सोलापुरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. येथे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, आणि तेलुगू किंवा कन्नड आडनाव मराठीत लिहिताना शाळेच्या दाखल्यावर एक रूप, आधार कार्डावर दुसरे आणि जुन्या खरेदीखतावर तिसरे असे घडते. नियमाने बांधलेल्या व्यवस्थेच्या दृष्टीने ही तीन माणसे ठरू शकतात. अर्ज देण्यापूर्वी सर्व कागद शेजारी ठेवून नावे अक्षर न अक्षर ताडून पाहावीत, फरक असेल तर तसे प्रतिज्ञापत्र आधीच जोडावे, आणि नाव कायमचे बदलायचे असेल तर शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावे.

अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये. तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक असलेली दुय्यम प्रत हा पुढील प्रत्येक पायरीचा आधार आहे.

‘नियमात बसत नाही’ हे उत्तर मिळाल्यास

असे उत्तर देणाऱ्या माणसाची बाजू समजून घेणे आवश्यक आहे. चुकीचा होकार दिला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, विभागीय चौकशी लागू शकते. नकार दिला किंवा विलंब केला तर तितके नुकसान सहसा होत नाही. नियम हे साधन असताना तेच साध्य होऊन बसते, हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1940 मध्येच दाखवून दिले होते. यावर उपाय म्हणजे त्या कर्मचाऱ्याला निर्णयासाठी आधार पुरवणे. शासन निर्णय (जीआर) शासनाच्या संकेतस्थळावर विभाग व तारखेनुसार मिळतात. आपल्या विषयाचा निर्णय शोधून त्याचा क्रमांक व दिनांक अर्जात लिहावा. त्यानंतरही नकार आला तर तो कारणांसह लेखी मागावा, कारण बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणे देणे माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 नुसार कार्यालयाचे कर्तव्य आहे.

हा हक्क किरकोळ मानू नये. मे 1930 मध्ये याच शहरावर लष्करी कायदा लादला गेला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना फाशी देण्यात आली. तेव्हाचे प्रशासन येथील जनतेला उत्तर द्यायला बांधलेले नव्हते. आज जिल्हाधिकाऱ्यांपासून शिपायापर्यंत प्रत्येक जण संविधानाला आणि कायद्याला बांधील आहे, म्हणून नम्रपणे पण आग्रहाने कारण विचारणे हे नागरिकाचे काम आहे.

लोकप्रतिनिधींचे शिफारसपत्र जोडण्यास हरकत नाही. मात्र जो अधिकार नियमाने त्या टेबलाला नाही, तो शिफारशीने येत नाही. पैशांची मागणी झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 या क्रमांकावर कळवावे.

मुदत मोजावी आणि पायरीने वर जावे

शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातील विलंब यांविषयीच्या महाराष्ट्राच्या 2005 च्या अधिनियमानुसार कोणतीही संचिका एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये, दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागत नसेल तर 45 दिवसांत आणि पाठवावी लागत असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असे ठरलेले आहे. ज्या सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित आहेत, त्यांना स्वतंत्र मुदती आहेत. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला गेला तर 30 दिवसांत प्रथम अपील, नंतर द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग, असा मार्ग आहे. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत शास्ती (दंड) होऊ शकते.

यात न बसणाऱ्या कामासाठी प्रथम आवक क्रमांक लिहून स्मरणपत्र द्यावे, मग संचिकेची स्थिती माहितीच्या अधिकारात मागावी. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, विषय एकच ठेवावा आणि ‘माझे काम का झाले नाही’ असे विचारू नये. ‘माझ्या अर्जावरील टिप्पणीची प्रत व संचिका कोणत्या तारखेला कोणाकडे होती याची नोंद द्यावी’ असे लिहावे. नोंदीत असलेलीच माहिती मिळते, आणि टिप्पणी हाती आली की काम कोणत्या टेबलावर, कोणत्या शेऱ्यामुळे थांबले ते दिसते. माहिती देण्याची मुदत 30 दिवसांची आहे. वैयक्तिक स्वरूपाच्या तक्रारीसाठी महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणारा लोकशाही दिनही आहे. त्यासाठी अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि न्यायालयात असलेली प्रकरणे किंवा महसुली अपिले तेथे ऐकली जात नाहीत.

अनुकूल आदेश हाती पडल्यावरही काम संपत नाही. आदेशाची प्रमाणित प्रत घ्यावी, अंमलबजावणीसाठी ती ज्या कार्यालयाकडे जायची तेथील आवक क्रमांक टिपून ठेवावा आणि नवा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून नाव, क्षेत्र व फेरफार क्रमांक तपासावा. लेखनातील चूक निघाली तर सातबाऱ्यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज तहसील कार्यालयात त्याच आठवड्यात द्यावा. कार्यालयातील कागद अ, ब, क आणि ड अशा वर्गांत ठेवले जातात व त्यांतील ड वर्गाचे कागद एका वर्षानंतर नष्ट करता येतात, म्हणून आपल्या अर्जाची पोच, नोटिसा आणि आदेश यांचा पूर्ण संच घरी जपून ठेवावा.