शाळा सांभाळून एड-टेकचं पीजी करायचंय? मग फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

दर जूनमध्ये स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारतंच, मॅडम तुम्ही ते एड-टेकचं, म्हणजे शैक्षणिक तंत्रज्ञानाचं, पीजी केलं ना, कसं केलं, वेळ कसा मिळाला, फायदा काय झाला. मी डबा उघडून सांगायला बसते, पोळीचा पहिला घास होईपर्यंत कुणाचा तरी प्रॉक्सी तास लागतो आणि गोष्ट अर्धीच राहते. म्हणून एकदाच लिहून काढते. मी पुण्यात हडपसरकडच्या एका अनुदानित मराठी शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते, कॉम्प्युटरमधली मोठी तज्ज्ञ वगैरे नाही, आजही प्रोजेक्टरची केबल सैल झाली की आठवीतल्याच एखाद्या पोराला हाक मारते.

आधी एक गैरसमज काढून टाका. आपल्याकडे शिक्षक आणि टेक्नॉलॉजी म्हटलं की डोळ्यासमोर एमएस-सीआयटीच येतं, म्हणजे वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट आणि एक सर्टिफिकेट. पीजी म्हणजे त्याचा मोठा भाऊ नाही. तिथं तुम्हाला कुणी अ‍ॅप शिकवत बसत नाही, आणि अ‍ॅप शिकायलाच जाणार असाल तर पैसे वाचवा, यूट्यूबवर सगळं फुकट आहे. तिथं शिकायचं ते हे की एखादी गोष्ट पोरांना का कळत नाहीये, त्यात स्क्रीनची मदत होईल का, आणि झाली की नाही हे तपासायचं कसं. या तिसऱ्या प्रश्नावरच निम्मा अभ्यास आहे.

तर पहिलं काम, कॉलेज शोधू नका. एक कागद घ्या आणि स्वतःच्या वर्गातली एक अडचण लिहा, एकच, आणि ती सुद्धा नेमकी. "मुलांना विज्ञानात रस नाही" ही अडचण नाही, ती तक्रार आहे. माझी अडचण विद्युत परिपथाची होती. पोरं वहीत आकृती झकास काढायची, बंद परिपथ, खुला परिपथ, व्याख्या तोंडपाठ. मी फेटचं सर्किटचं सिम्युलेशन लावलं, म्हणजे कोलोरॅडो विद्यापीठाचा २००२ साली कार्ल वीमन यांनी सुरू केलेला तो फुकट प्रकल्प, त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. पोरांनी स्क्रीनवर पटापट बल्ब पेटवले, मी खूश. मग दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीतून आणलेले छोटे बल्ब, एक सेल आणि एकच वायर हातात दिली आणि म्हटलं पेटवा. अर्ध्याहून जास्त पोरांनी वायरचं एक टोक सेलला, दुसरं बल्बच्या बुडाला लावलं आणि माझ्याकडे बघत बसली. एकीनं तर सांगितलं की मॅडम बल्ब खराब आहे.

का झालं असं? स्क्रीनवर बल्बच्या जोडायच्या दोन जागा गोल करून दाखवलेल्या असतात, तिथं वायर नेली की ती आपोआप चिकटते. खऱ्या बल्बला दुसरी जागा म्हणजे त्याची ती आट्यांची बाजू, ती कुणी दाखवत नाही, शोधावी लागते. आणि पोरांच्या डोक्यात करंट म्हणजे नळाचं पाणी, एका पाइपनं आलं आणि बल्बनं पिऊन टाकलं. हे मला पीजीच्या आधी दिसलंच नव्हतं. ही एक अडचण मी दोन वर्षं सगळ्या असाइनमेंटमधून फिरवली, तिच्यावरच धडा आराखडा केला, तिच्यावरच चाचणी केली, तिच्यावरच प्रबंध, त्यामुळं वेगळा अभ्यास असा कमी करावा लागला. ज्यांनी प्रत्येक पेपरला नवा विषय घेतला ते बिचारे रात्री एक एक वाजेपर्यंत जागायचे.

आता कोर्स कुठला. इथं लोक नावावर जातात, जाऊ नका, पुढं काय करायचंय त्यावर जा. बीएड किंवा डीएड कॉलेजात शिकवायला जायचं असेल तर एमएड हा सरळ रस्ता, ते एनसीटीई, म्हणजे शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या नियमाखाली येतं, पण ते नियमित वर्गाचं असतं, हजेरी लागते, शाळेची पूर्णवेळ नोकरी करत ते जमत नाही, रजा काढावी लागते. वर्गातच राहायचंय आणि चांगलं शिकवायचंय तर एमए एज्युकेशन पुरतं. इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या, एमए एज्युकेशनला एड-टेकचा गट स्पेशलायझेशन म्हणून घेता येत होता आणि पुण्यात त्यांचं प्रादेशिक केंद्र आहे, या वर्षी कुठले गट चालू आहेत ते माहितीपुस्तिकेत बघूनच ठरवा. मुंबईला एसएनडीटी महिला विद्यापीठात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभागच आहे. आपल्या कर्वे रोडवर पण एसएनडीटी आहे म्हणून लोक तिथं चौकशीला जातात आणि हात हलवत परत येतात, मी पण गेले होते. टिसचा, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा, शिक्षकांसाठीचा आयसीटीचा (वर्गात कॉम्प्युटर-इंटरनेट वापरण्याचा) कोर्सही चांगला होता, वर्गात करून बघून त्यावर लिहायचं असा त्यांचा भर. आणि आयआयटी मुंबईत एड-टेकमध्ये पीएचडी होते, २०१० पासून, पण ती संशोधनालाच वाहून घेणाऱ्यांसाठी, शनिवार-रविवारचं काम नाही.

घरबसल्या कोर्स घेणार असाल तर एक गोष्ट चुकवू नका. यूजीसीच्या डीईबीच्या, म्हणजे दूरस्थ शिक्षणाच्या ब्युरोच्या, वेबसाइटवर जाऊन त्या विद्यापीठाला त्या कोर्ससाठी आणि त्याच वर्षासाठी मान्यता आहे का हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. विद्यापीठाला मान्यता आहे म्हणजे प्रत्येक कोर्सला आहे असं नसतं. आमच्या ओळखीतल्या एका सरांनी चौकातल्या क्लासवाल्याच्या शब्दावर पैसे भरले, दोन वर्षांनी मार्कशीट आली पण ती कुठं दाखवायची सोय नाही. आता दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला डीईबी आयडी लागतो, तो काढायला एबीसी आयडी, म्हणजे आपली क्रेडिटं जमा होतात त्या सरकारी खात्याचा नंबर, लागतो, आणि एबीसीला आधारवरचं नाव. तुमचं मार्कशीटवरचं नाव लग्नाआधीचं असेल तर आत्ताच राजपत्र काढून ठेवा, बायकांचे निम्मे फॉर्म इथंच अडकतात.

फॉर्मच्या आधी शाळेची लेखी परवानगी घ्या. तोंडी "करा की मॅडम, चांगलंय" याला काही अर्थ नाही, मुख्याध्यापक बदलले की ते वाक्य पण जातं. अर्ज द्या, आवक नंबर टाकून घ्या, झेरॉक्स जवळ ठेवा. पास झाल्यावर सेवापुस्तकात नोंद करून घ्या आणि नोंद झाली का हे स्वतः पान उघडून बघा. आणि हो, १२ वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीचं आणि २४ वर्षांनंतरच्या निवडश्रेणीचं प्रशिक्षण हे वेगळं प्रकरण आहे, पीजी केलं म्हणून ते सुटत नाही. निष्ठाचे, म्हणजे सरकारच्या शिक्षक प्रशिक्षणाचे, कोर्स किंवा नव्या शैक्षणिक धोरणातले वर्षाचे ५० तासांचे प्रशिक्षण, ते पण वेगळे. सगळी सर्टिफिकेटं एका फाइलमध्ये कोंबून "हे घ्या" म्हणू नका.

वेळेचं म्हणाल तर हिशोब सोपा आहे पण कुणी करत नाही. इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. ४ क्रेडिटचा एक पेपर म्हणजे १२० तास. आठवड्याला ६ तास काढले तर एका पेपरला २० आठवडे. आता यातून दिवाळी, सहामाहीचे पेपर तपासणं, स्नेहसंमेलन, यू-डायसची माहिती भरणं आणि निवडणूक असेल तर बीएलओची ड्युटी वजा करा. म्हणून पहिल्या वर्षी सगळे पेपर अंगावर घेऊ नका, दूरस्थ कोर्सला मुदत जास्त असते ती त्यासाठीच. माझे ६ तास म्हणजे पीएमपीएमएलमध्ये मिळालेली खिडकीची सीट आणि रविवारची सकाळ, बाकी सगळं घरच्यांच्या कृपेवर.

पैसे भरायच्या आधी एकदा पाण्यात पाय घालून बघा. ‘स्वयम्’ वर, म्हणजे सरकारच्या २०१७ सालच्या त्या पोर्टलवर, शिक्षण आणि तंत्रज्ञानाचे कोर्स फुकट बघता येतात, फक्त परीक्षा द्यायची तर फी. एक कोर्स घ्या, असाइनमेंटसकट पुरा करा. तिसऱ्या आठवड्यात सोडून दिलात तर काही बिघडलं नाही, दोन वर्षांची फी वाचली. पुरा झाला तर बिनधास्त पुढं जा.

अभ्यासात येतं काय? बरंच येतं आणि खरं सांगायचं तर काही भाग निव्वळ रटाळ आहे, संवादाची प्रतिमानं, बाणांच्या आकृत्या, ते परीक्षेपुरतं करा. पण तीन गोष्टी जीव लावून वाचा.

एक टीपॅक. पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ साली मांडलं, त्याच्या मुळाशी ली शुलमन यांची १९८६ची मांडणी. म्हणजे काय तर विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं, यंत्र चालवता येणं वेगळं, आणि तिन्ही जिथं एकत्र येतात ती चौथीच गोष्ट. माझ्या बल्बच्या भाषेत सांगायचं तर बल्बच्या आत तार कुठं कुठं जोडलीय हे माहीत असणं हा विषय, पोरांना करंट नळाच्या पाण्यासारखा वाटतो हे ओळखणं ही शिकवण्याची अक्कल, आणि सिम्युलेशनमध्ये इलेक्ट्रॉन गोल फिरताना दिसतात जे खऱ्या वायरमध्ये कधीच दिसणार नाहीत हे हेरणं हे तंत्रज्ञान. तिन्ही जोडल्यावर मी क्रमच उलटा केला, आधी खरा बल्ब, धडपड, भांडणं, आणि मग स्क्रीन. त्या वर्षी एकही बल्ब "खराब" निघाला नाही.

दुसरं, क्लार्क आणि कोझ्मा यांचा वाद. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३मध्ये म्हटलं की माध्यमामुळं शिकणं होत नाही, किराणा आणणाऱ्या ट्रकमुळं आपलं पोषण बदलत नाही तसंच हे. मी ते मार्केटयार्डावर आणते, मेथी टेम्पोतून आली काय आणि हातगाडीवरून आली काय, भाजी तीच. रॉबर्ट कोझ्मा म्हणाले असं नाही, माध्यमाचे गुण शिकण्यात उतरतात. परीक्षेत दोन्ही बाजू लिहा, मनात मात्र एक बाजू घ्या. मी निम्मी निम्मी आहे, स्मार्ट टीव्हीवर पाठ्यपुस्तकाचं पान मोठं करून वाचणं हा शुद्ध टेम्पो, पण ते फिरणारे इलेक्ट्रॉन टेम्पो नाहीत.

तिसरं, रिचर्ड मेयर यांची मल्टिमीडियाची तत्त्वं. ही वाचल्यावर मी माझे जुने पीपीटी उघडले आणि लाज वाटली. कोपऱ्यात नाचणारा मोर, मागं संगीत, आणि पडद्यावर लिहिलेलंच मी मोठ्यानं वाचतेय. मेयर सांगतात की विषयाशी संबंध नसलेली सजावट काढा, आणि बोलून सांगताय तर तेच शब्द पडद्यावर पुन्हा ओतू नका. फुकटातली सुधारणा, उद्या सकाळच्या तासापासून करता येते.

वाचन जवळपास सगळं इंग्रजीत असतं आणि आपल्यातले बरेच जण इथं घाबरतात. माझी युक्ती अशी की संशोधनाच्या पेपरचा पहिला आणि शेवटचा भाग आधी वाचायचा, मग त्यातलं मुख्य म्हणणं मराठीत चार ओळीत लिहायचं, शेजारच्या वर्गावरच्या बाईंना ऐकवायचं. त्यांना कळलं तर आपल्याला कळलं. विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयात बसायची सोय बघून ठेवा, गणेशखिंडीचं ट्रॅफिक सोसून जावं लागतं पण घरी कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचण्यापेक्षा बरं.

प्रबंधाचं थोडं सविस्तर, कारण इथंच गाडी अडते. विषय छोटा घ्या. "पुणे जिल्ह्यातील माध्यमिक शाळांमधील तंत्रज्ञानाचा वापर, एक अभ्यास" असलं काही घेऊ नका, गूगल फॉर्म फिरवाल, शंभर शिक्षक "हो, उपयुक्त आहे" यावर टिक करतील आणि हाती काही लागणार नाही. स्वतःच्या दोन तुकड्या, एक घटक, आधी चाचणी, नंतर चाचणी, आणि महिन्याभरानं परत एक चाचणी, ही शेवटची बहुतेक जण करत नाहीत पण खरी गंमत तिथंच आहे. माझ्या पोरांचे लगेचच्या चाचणीतले मार्क झकास होते, महिन्यानं स्क्रीनवाल्या तुकडीचे उतरले, हातानं बल्ब जोडलेल्या तुकडीचे टिकले. अर्थात दोन तुकड्यांवरून जगाला सांगण्यासारखं काही सिद्ध होत नाही, ते प्रबंधात तसंच लिहिलं, आणि गाइडना तेच वाक्य सगळ्यात आवडलं. दुसऱ्या तुकडीला वंचित ठेवू नका, अभ्यास संपला की त्यांनाही तो तास द्या.

पोरांचे फोटो, व्हिडिओ, अ‍ॅपवर त्यांची नावं टाकणं, हे सहज करून टाकतो आपण. २०२३चा डिजिटल डेटाचा कायदा आलाय, १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी असं त्यात म्हटलंय. पालकसभेत एक साधं मराठीतलं पत्र वाचून दाखवा, सही घ्या, आणि नोंदी नावाऐवजी नंबरानं ठेवा. एका आजीनं सही करताना मला विचारलं की नातवाला करंट तर लागणार नाही ना, तेव्हा कळलं पत्रात "दीड व्होल्टचा सेल" असं लिहायला हवं होतं.

प्रिंट आणि बाइंडिंग अप्पा बळवंत चौकाच्या आसपास होऊन जातं पण मार्च-एप्रिलमध्ये जाऊ नका, सगळ्या कॉलेजांची गर्दी एकदम लोटते. आणि फॉर्म भरायला शेवटची रात्र धरू नका, त्या रात्री पोर्टल हमखास लटकतं. फोटो, सही आणि मार्कशीटं आधीच कमी केबीत करून एका फोल्डरमध्ये ठेवा, पैसे कट झाले आणि पावती आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, एक दिवस थांबा, स्क्रीनशॉट काढा, मग मेल करा.